एकच महापालिका, चार लाइटबिलं

मागच्या महिन्यात घाटकोपरला आत्याकडे साखरपुडा होता. जेवणं उरकली, पाहुणे पांगले आणि आत्याने टीव्हीच्या कपाटातून लाइटबिल काढून माझ्या हातात ठेवलं. "तू पेपरवाला ना, मग हे वाचून दाखव. यातलं मी वापरलं किती आणि बाकीचं कशाचं?" शेजारी मुलुंडची ताई बसली होती. तिने लगेच मोबाइलवर स्वतःचं बिल उघडलं. मग दोघींची जुंपली, कुणाची कंपनी जास्त लुटते यावर. आतोबा कोपऱ्यात शांतपणे सुपारी कातरत होते. बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून आयुष्य गेलं त्यांचं. ते एवढंच म्हणाले, "मी जन्मभर बेस्टचा बिल्ला लावला, पण बेस्टची लाइट आपल्या घरात कधी आली नाही. बस मात्र नाक्यावर येते."

खोपोली लोकलमध्ये बसलो आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खरंच आहे ना. घाटकोपर आणि मुलुंड, मध्ये जेमतेम चार स्टेशनं. दोघींचा मालमत्ता कर एकाच महापालिकेला जातो, नळाला पाणी एकाच महापालिकेचं, रस्त्यावर बस एकाच बेस्टची. लाइट मात्र आत्याकडे अदानीची आणि ताईकडे महावितरणची. दादरला राहणाऱ्या चुलतभावाकडे बेस्टची. अंधेरीला मित्र आहे, त्याने मधे टाटाची घेतली. एकच शहर, चार बिलं. असं का, हे विचारलं तर बहुतेक लोक "राजकारण" म्हणून मोकळे होतात. राजकारण आहेच, पण त्याच्याही आधी एक जुना कागद आहे. आज थोडं लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

सुरुवात आमच्या गावापासूनच करतो. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचं पाणी घाटाच्या कड्यावरून पाइपांतून खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि पाताळगंगेला जाऊन मिळतं. लहानपणी आम्हाला त्या पाइपांचं काही विशेष वाटायचं नाही, डोंगरासारखेच तेही कायमचे आहेत असं वाटायचं. या विजेसाठी मुंबई सरकारने टाटांना १९०७ साली परवाना दिला होता. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे परळ-लालबागच्या कापडगिरण्या. नंतर १९२२ला भिवपुरी आलं, १९२७ला भिरा.

भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधलं गेलं आणि तिथे पहिल्यांदा हा प्रश्न रस्त्यावर आला की कंपनी खाजगी, मग तिच्यासाठी सरकार आमची जमीन का घेतं? १९२१च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती बापट झाले. सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा वापरला, जमीन गेली, गावं पाण्याखाली गेली, तीन वर्षांत लढा संपला. पुस्तकात आपण हे सत्याग्रहाच्या प्रकरणात वाचतो. खरं तर ते विजेच्याही प्रकरणात वाचायला हवं. फायदा खाजगी कंपनीचा, जमीन घ्यायचा हात सरकारचा आणि दिवा लागणार मुंबईत. या तिघांचं नातं तेव्हाच ठरून गेलं होतं.

आता उपनगरांकडे वळू. १९२०च्या दशकात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही मुंबईत नव्हतीच. मुंबई उपनगर जिल्हाच मुळी १९२०चा. वांद्रे, कुर्ला यांच्या स्वतःच्या नगरपालिका होत्या, बाकी शेतं, वाड्या, मिठागरं. पण आगगाडी विजेवर यायला लागली होती. १९२५ला व्ही.टी. ते कुर्ला हार्बर मार्गावर, १९२८ला पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत. गाडी वेगाने आली की वस्ती येते आणि वस्ती आली की कुणीतरी लाइट विकायला येतो. १९२६ साली सरकारने या भागासाठी वीज वितरणाचा एक परवाना दिला, आणि तो चालवायला १९२९ला बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय लिमिटेड ही कंपनी निघाली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखाली. आपल्या मागच्या पिढीच्या तोंडी जी 'बीएसईएस' होती, ती हीच. बीएसईएस टाटांकडून घाऊक वीज घ्यायची आणि घरोघर किरकोळ विकायची. पश्चिमेला वांद्र्यापासून थेट भाईंदरपर्यंत, पूर्वेला कुर्ला-चेंबूर-घाटकोपर करत विक्रोळीपर्यंत. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड हे त्या क्षेत्राच्या बाहेर. तिथली वीज पुढे राज्य वीज मंडळाकडे आली.

म्हणजे माझी आत्या आणि ताई यांच्या बिलातला फरक त्या जुन्या रेषेचा आहे. आत्या रेषेच्या अलीकडे, ताई पलीकडे.

मग बेस्ट? बेस्टही मुळात खाजगी कंपनीच होती, १९०५ची. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. पण त्या वेळच्या करारातच महापालिकेने एक कलम घालून घेतलं होतं की ठरावीक वर्षांनी आम्हाला ही कंपनी विकत घेता येईल. त्या कलमाचा वापर करून ७ ऑगस्ट १९४७ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ट्राम, बस आणि वीज असं सगळं ताब्यात घेतलं. कुठे मोर्चा नाही, आंदोलन नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी शहाणपणाने लिहून ठेवलं होतं, म्हणून जमलं.

पुढे १९५०ला आणि १९५७ला दोन टप्प्यांत उपनगरं मुंबई महापालिकेत आली. दुसऱ्या टप्प्यात दहिसर आणि मुलुंडपर्यंत हद्द गेली. महापालिकेबरोबर पाणी आलं, रस्ते आले, लाल बस आली. वीज नाही आली. कारण बस कुठेही फिरू शकते, विजेच्या परवान्याला मात्र हद्द असते आणि त्या हद्दीत आधीच एक परवानाधारक बसलेला होता. बेस्टची तार शीव-माहीमला थांबली, बस गोराई डेपोपर्यंत गेली. यातून एक गंमत झाली. (गंमत म्हणायचं, पण भरणाऱ्यांना ती कधी गंमत वाटली नाही.) बसचा तोटा भरून काढायला बेस्ट कित्येक वर्षं आपल्या वीजग्राहकांच्या बिलात वेगळा आकार लावत होती. म्हणजे परळच्या चाळीतला माणूस लाइटबिल भरताना बोरिवलीच्या बसचा तोटा भरायचा, आणि बोरिवलीचा माणूस त्या बसमध्ये बसून बीएसईएसचं बिल भरायला जायचा. आतोबांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "म्हणजे माझा पगार दादरच्या पंख्यातून यायचा म्हण की."

आता एक प्रश्न. बीएसईएस जन्मापासून खाजगी. तरी सत्तर वर्षं उपनगरात तिच्याविरुद्ध मोठं आंदोलन झाल्याचं ऐकलंय कुणी? आत्या तर आजही "बीएसईएसच्या वेळी असं नव्हतं" म्हणते. जुन्या आठवणीत साखर जास्त असते हे मान्य, पण कारणंही आहेत. १९४८च्या वीजपुरवठा कायद्याने खाजगी वीज कंपन्यांच्या नफ्याला मर्यादा घातली होती. 'वाजवी परतावा' किती याचा हिशोब कायद्याच्या परिशिष्टातच दिलेला होता. त्याहून फार जास्त कमावलं तर ते ग्राहकांकडे वळवावं लागायचं. आणि दुसरं म्हणजे शेवटच्या काळात बीएसईएसला डोक्यावर बसलेला एक असा मालक नव्हताच. शेअर्सचा मोठा वाटा आयुर्विमा महामंडळ, यूटीआय यांसारख्या सरकारी वित्तसंस्थांकडे होता. कागदोपत्री खाजगी, पण भांडवल बऱ्यापैकी तुमच्या-आमच्या विम्याच्या हप्त्यांचं. ९०च्या दशकात डहाणूला स्वतःचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं राहिलं. ते उभं राहताना चिकूच्या बागा आणि किनाऱ्याच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं. मुळशीनंतर डहाणू. मुंबईच्या दिव्याखालचा अंधार नेहमी कुठल्या तरी तालुक्यात पडतो.

त्याच काळात सार्वजनिक वीज मंडळाचं काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. एन्रॉन आठवतंय? दाभोळची वीज घ्यायचा करार राज्य वीज मंडळाने केला, शेवटी २००१मध्ये ती वीज घेणंच थांबवावं लागलं. मंडळ शंभर टक्के सरकारी होतं. सरकारी असूनही करार झाला, की सरकारी होतं म्हणून झाला, यावर रात्रभर वाद घालता येईल. माझ्यापुरतं एवढं कळलं की मालक कोण हे पाहून झोपी गेलं की करार वाचायचा राहतो. एन्रॉनच्या धड्यानंतरच वीज नियामक आयोगाकडे लोकांचं लक्ष गेलं. महाराष्ट्राचा आयोग १९९९ला स्थापन झाला. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थेने आकडेमोड करून सुनावण्यांत उभं राहायची सवय लावली. त्याआधी दर ठरायचे बंद दाराआड.

आणि मग २००२-०३. रिलायन्सने बीएसईएसचे शेअर्स गोळा करत करत कंपनी ताब्यात घेतली. हे सगळं शेअर बाजाराच्या पानावर घडलं. मी तेव्हा नुकताच डिप्लोमा करून एका साप्ताहिकात लागलो होतो. आमच्या संपादकांनी ती बातमी 'अर्थ' पानावर खाली दोन कॉलमांत टाकली होती, आणि मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. लाखो घरांच्या विजेचा मालक बदलला आणि त्या घरांपैकी कुणाला विचारायची गरज कायद्याने कुणावर नव्हती. १९०५च्या करारात ते खरेदीचं कलम घालणारं जसं कुणीतरी होतं, तसं इथे कुणी नव्हतं.

पाठोपाठ २००३चा वीज कायदा आला. हा कायदा राबवणारे केंद्रीय ऊर्जा सचिव आर. व्ही. शाही हे आधी बीएसईएसचेच प्रमुख होते. यात काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही, त्या माणसाला वीज कळत होती. पण नोंद असू द्या. नव्या कायद्याने एकाच भागात दोन परवानाधारकांना मोकळीक दिली. २००४ला नाव रिलायन्स एनर्जी झालं, अंबानी बंधूंच्या वाटणीत कंपनी अनिल अंबानींकडे गेली, २००८ला नाव रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर झालं. आत्याच्या बिलावरचा लोगो बदलत राहिला, मीटर तिथेच.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. टाटा म्हणाले, आम्हालाही उपनगरात घरोघर वीज विकायचीय. रिलायन्स म्हणाली, तुमचा परवाना घाऊक विक्रीचा आहे, किरकोळ आमची. आयोगात भांडण, मग अपिलीय लवादात, मग सुप्रीम कोर्टात. दिल्लीत मोठमोठे वकील उभे राहून कशाचा कीस पाडत होते? १९०७च्या परवान्याचा. त्यानंतरच्या १९१९, १९२१, १९५३च्या परवान्यांचा. आमच्या खोपोलीच्या पाण्यासाठी इंग्रज सरकारने दिलेल्या कागदात नेमकं काय लिहिलंय, त्यावर २००८ साली बोरिवलीच्या माणसाने कुणाकडून लाइट घ्यावी हे ठरणार होतं! ८ जुलै २००८ला निकाल लागला, टाटांच्या बाजूने. परवान्यात किरकोळ विक्रीला बंदी नाही.

पण टाटांकडे उपनगरात गल्लोगल्ली तारा कुठे होत्या? मग आयोगाने १५ ऑक्टोबर २००९च्या आदेशाने मार्ग काढला. तार रिलायन्सची, वीज टाटाची. ग्राहकाने टाटाकडे जायचं आणि तारेचं भाडं म्हणून 'वहन आकार' रिलायन्सला मिळणार. खांब तोच, केबल तीच, फ्यूज उडाला तर येणारा वायरमनही त्याच कंपनीचा, बिलावरचं नाव फक्त दुसरं. अंधेरीच्या माझ्या मित्राने तेव्हाच बदल केला होता. महिनाभर तो सगळ्यांना सांगत होता की टाटाची लाइट जास्त पांढरी पडते.

लोक टाटाकडे का धावले, तर रिलायन्सचे दर. २००९च्या जूनमध्ये दरवाढीचा आदेश आला, ओरड झाली, विधानसभेची निवडणूक तोंडावर. जुलैमध्ये आयोगाने दरवाढीला स्थगिती देऊन चौकशी लावली. पुढच्या वर्षी स्थगिती उठली. मधल्या काळात जे पैसे वसूल झाले नाहीत ते माफ झाले असं लोकांना वाटलं. वीज खात्याच्या भाषेत काही माफ होत नसतं. वसूल न झालेली रक्कम हिशोबात 'रेग्युलेटरी ॲसेट' म्हणून साचत जाते, तिच्यावर व्याज चढतं आणि पुढे कधीतरी ती बिलात उतरते. २०१३पासून उपनगराच्या बिलात तिचा वेगळा रकानाच आला. जे टाटाकडे गेले होते त्यांच्याही. निवडणुकीच्या वर्षी थांबवलेली दरवाढ म्हणजे उधारीवर घेतलेला दिलासा. ती उधारी मोर्चे काढणाऱ्या पुढाऱ्यांनी फेडली नाही, बिल भरणाऱ्यांनीच फेडली.

आणखी एक गोष्ट झाली. जास्त वीज वापरणारे, म्हणजे एसीवाले, दुकानवाले, मोठे ग्राहक पटापट टाटाकडे गेले. वीजदराची रचनाच अशी असते की जास्त वापरणाऱ्याने थोडा जास्त दर भरायचा, म्हणजे शंभर युनिटांच्या आतल्या खोलीवाल्याला तो कमी पडतो. मोठे निघून गेले तर छोट्यांचा भार उचलणार कोण? मग निघून गेलेल्यांवर 'क्रॉस सबसिडी अधिभार' बसवला गेला. २०१२ला तर आयोगाने टाटांना काही काळ फक्त ३०० युनिटांपर्यंतचे घरगुती ग्राहक घ्यायला सांगितलं. स्पर्धा आणायची म्हणून दार उघडायचं आणि गर्दी ठरावीकच लोकांची झाली की दार अर्धं लावायचं. आयोगाची मला दया येते कधीकधी.

या सगळ्या वर्षांत आमच्याकडे काय होतं? लोडशेडिंग. मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्रात तासन् तास अंधार. आमच्या साप्ताहिकात दर आठवड्याला लोडशेडिंगचं वेळापत्रक छापायचं काम माझ्याकडे होतं, आणि तेच सगळ्यात जास्त वाचलं जायचं. संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात ते टाइप करून ठेवायचं, लाइट आली की छापायला द्यायचं. आणि डोंगराच्या पायथ्याशी केंद्र सुरूच. मुंबईकरांवर राग नाही माझा. पण "मुंबईला चोवीस तास वीज हा खाजगीकरणाचा विजय" असं कुणी टीव्हीवर म्हणालं की मला ते वेळापत्रक आठवतं. तो विजय खाजगी मालकाचा कमी आणि १९०७पासून शहराच्या नावाने राखून ठेवलेल्या पाण्याचा, नंतर ट्रॉम्ब्याच्या केंद्राचा जास्त होता.

बरं, उपनगरातले लोक खाजगीला घाबरत नाहीत असंही नाही. २००६-०७ला महापालिकेच्या के-पूर्व वॉर्डात, म्हणजे अंधेरी पूर्व, विलेपार्ले पूर्व, जोगेश्वरी पूर्व या भागात पाणीवाटपात खाजगी कंपनी आणता येईल का याचा अभ्यास सुरू झाला. जागतिक बँकेचा पाठिंबा, कॅस्टालिया नावाची परदेशी सल्लागार कंपनी. 'मुंबई पाणी' या गटाने, कामगार संघटनांनी, वस्त्यांतल्या लोकांनी कागद मागवले, सभांमध्ये प्रश्न विचारले, अहवालातले आकडे खोडून काढले. योजना बारगळली. विचार करा, ज्या वॉर्डात लाइट जवळपास ऐंशी वर्षं खाजगी कंपनीची होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, त्याच वॉर्डाने पाण्याला मात्र हात लावू दिला नाही.

का? पाणी ही भावनेची गोष्ट आहे, हे एक उत्तर. मला दुसरं जास्त पटतं. पाणी महापालिकेचं होतं, आणि महापालिकेत नगरसेवक असतो. नळाला पाणी आलं नाही तर बायका हंडे घेऊन त्याच्या दारात जाऊ शकतात. (२०२२च्या मार्चनंतर काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासकच होता, तेव्हा हंडे कुठे न्यायचे हा प्रश्न मुंबईकरांनाही पडला.) विजेच्या बाबतीत हंडा न्यायला दारच नव्हतं. असलंच तर ते कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये तेराव्या मजल्यावर होतं, वीज नियामक आयोगाचं. अंधेरीच्या वस्तीतली बाई दिवसाचा रोज बुडवून तिथे कशी जाणार?

मी एकदा गेलोय अशा दरवाढीच्या सुनावणीला. कायद्याने कंपनीला पेपरात जाहिरात द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, आणि कुणीही सामान्य ग्राहक उभा राहून बोलू शकतो. हे खरोखर चांगलं आहे, माझ्या माहितीत रेशन दुकानाच्या बाबतीतही असं होत नाही. पण सभागृहात कंपनीचे अधिकारी, वकील, सल्लागार यांच्या रांगा आणि ग्राहक बोटावर मोजण्याइतके. त्यात दोघे निवृत्त इंजिनिअर, अगदी आकड्यांचे किडे. त्यांनी एका भांडवली खर्चाच्या कामावर असा प्रश्न विचारला की समोरच्यांनी कागद चाळायला सुरुवात केली. मुद्दा साधा होता. कंपनीला तिच्या भागभांडवलावर साधारण १५-१६ टक्के परतावा द्यायचा असं नियमच सांगतो. म्हणजे जितकी जास्त उपकरणं, जितकी महाग केबल, तितका परतावा मोठा. तेव्हा खरंच गरज आहे का, हे कुणीतरी विचारायलाच हवं. त्या दिवशी ते दोघे विचारत होते. ते नसते तर आयोगाचे अधिकारी एकटे.

२०१७च्या डिसेंबरमध्ये अनिल अंबानींच्या कंपनीने मुंबईचा हा व्यवसाय अदानींना विकायचं ठरवलं, सुमारे १८,८०० कोटींना. २९ ऑगस्ट २०१८ला ताबा गेला. जवळपास ३० लाख ग्राहक. त्याच वर्षाअखेर बिलं फुगल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की आयोगाला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे कंपनीतला २५.१ टक्के वाटा कतार इन्व्हेस्टमेंट अथॉरिटीने घेतला. कतारचा हा फंड सरकारी आहे. म्हणजे आत्याच्या घाटकोपरच्या मीटरमागे आज पाव हिस्सा सार्वजनिक मालकी आहे, फक्त ती जनता कतारची आहे. आतोबांची सुपारी हातातच राहिली हे ऐकून.

आता पाळी ताईची. २०२२ला अदानींच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या महावितरणच्या भागासाठी समांतर परवाना मागितला. ४ जानेवारी २०२३ला तीन वीज कंपन्यांचे कर्मचारी बहात्तर तासांच्या संपावर गेले आणि त्याच दिवशी उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबरोबर बैठक होऊन परतले. ताईला संपाशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न सरळ होता, "दोन कंपन्या आल्या तर स्वस्त मिळेल ना?" मी तिला अंधेरीचा इतिहास सांगितला. पहिली काही वर्षं कदाचित मिळेल, वापर जास्त असेल तर नक्कीच. पण मुलुंड, ठाणे, नवी मुंबई हे महावितरणचे वेळेवर बिल भरणारे, जास्त युनिट वापरणारे भाग आहेत. तेच निघून गेले तर बुलढाण्याच्या शेतीपंपाचा आणि आमच्या आदिवासी वाड्यांच्या एका दिव्याचा भार कुणावर पडेल? "मग मी महागच वापरू का तुमच्या वाड्यांसाठी?" ताई म्हणाली. तिचंही चूक नाही. ती काही धर्मादाय संस्था नाही. तो भार कुणी आणि किती उचलायचा हे उघडपणे ठरायला हवं, पण ते तर बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ठरतं.

आत्याचं बिल मी शेवटी फोनवर समजावून सांगितलं. स्थिर आकार, तो तू पंखा लावला नाहीस तरी द्यायचा. वीज आकार, तो वापराचा. वहन आकार, तारेचा. इंधन समायोजन आकार, कोळसा-गॅस महागला तर. आणि या सगळ्यावर वीज शुल्क, घरगुतीला १६ टक्के, ते कंपनीला नाही, राज्य सरकारला जातं. "म्हणजे सरकारपण यात आहेच की," आत्या म्हणाली. आहेच.

एक तारीख मात्र मी तिला लिहून दिली आणि तिने ती खरंच कॅलेंडरच्या मागे चिकटवलीय. उपनगरांचा तो जुना परवाना १५ ऑगस्ट २०११ला संपला होता. तेव्हा आयोगाने पुढच्या पंचवीस वर्षांचा परवाना त्याच कंपनीला दिला. त्या आठवड्यात सगळा देश अण्णांच्या उपोषणाकडे बघत होता, आम्ही पत्रकारही. आता तो १५ ऑगस्ट २०३६ला संपतोय. त्याच्या आधी पेपरात कधीतरी आतल्या पानावर, बारीक टाइपात, हरकती आणि सूचना मागवणारी जाहिरात येईल. मराठी पेपरातही येते. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत राहत असाल तर तेवढी कापून ठेवा.